जंगल तोडलं की ओढ्याचं पाणी वाढतं की आटतं? वर्गात अडकले, मदत करा

ओलीमाती:
नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. जमिनीचा वापर बदलला की पाण्याचं काय होतं हे शिकवत होते, दरवर्षीप्रमाणे सांगितलं की झाडं पाणी धरून ठेवतात, जंगल गेलं की झरे आटतात, तर एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली मॅडम मी वाचलंय अमेरिकेत एका डोंगरावरची सगळी झाडं मुद्दाम तोडून बघितली तर ओढ्याचं पाणी उलट वाढलं, मग खरं काय? उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन शोधलं तर ती बरोबर निघाली, आणि तेव्हापासून दोन दिवस डोकं चालत नाहीये कारण एक जण म्हणतो झाडं लावली म्हणून ओढा आटला आणि दुसरा म्हणतो झाडं लावली म्हणून झरा परत आला, आणि दोघांकडेही मोजमापं आहेत. मला परीक्षेपुरतं उत्तर नकोय, मला ते स्वतःला पटलं पाहिजे मगच तिला सांगेन. आणि आणखी एक, सगळं जंगलावरच का असतं? शेत, शहर, पाणथळ जागा यांचं काय?

पाणलोट_वाला:
ताई आधी त्या मुलीला शाबासकी द्या. ती म्हणतेय तो न्यू हॅम्पशायरमधला हबर्ड ब्रूकचा प्रयोग. १९६५ च्या हिवाळ्यात तिथे साधारण १५ हेक्टरच्या एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं पाडली, पुढची तीन वर्षं तणनाशक मारून नवीन काही उगवूच दिलं नाही, आणि खालच्या ओढ्यात रोज मोजत बसले. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी जवळजवळ ४० टक्के वाढलं.

का वाढलं ते सोपंय. झाड म्हणजे पंप. पावसाचं काही पाणी पानांवरच अडकतं आणि तिथूनच उडून जातं, उरलेल्यातलं बरंचसं मुळं खेचतात आणि पानांतून हवेत सोडतात. पंप बंद केला की ते पाणी जमिनीत राहतं आणि झिरपत ओढ्याला मिळतं. म्हणजे "झाडं पाणी बनवतात" हे वाक्य चूकच आहे, झाडं पाणी पितात, आणि भरपूर पितात.

पण आता खरी गंमत बघा, जी बहुतेक लोक सांगतच नाहीत. त्या प्रयोगात पाडलेली झाडं तिथेच ठेवली होती. रस्ता केला नाही, ओंडके ओढले नाहीत, यंत्रं फिरवली नाहीत. पालापाचोळा जागेवर, माती भुसभुशीत, मुळांची भोकं शाबूत. म्हणजे पंप काढला पण स्पंज तसाच ठेवला. आपल्या डोळ्यासमोर जंगल जातं तेव्हा असं होतं का? तिथे बुलडोझर येतो, मग गुरं येतात, उघड्या मातीवर थेंबांचा मारा बसून वरचा थर सिमेंटसारखा घट्ट होतो, आणि मग तोच पाऊस आत न जाता वरून पळतो. वर्षाचा एकूण हिशेब केला तर ओढ्यात पाणी जास्तच दिसेल, पण ते चार दिवसांत गढूळ पूर होऊन निघून गेलेलं असेल, आणि उन्हाळ्यात झरा कोरडा. म्हणून दोन्ही बाजूंकडे खरी मोजमापं असतात ताई, एक जण वर्षभराचं एकूण पाणी मोजतो, दुसरा उन्हाळ्यातलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे केले की अर्धं भांडण मिटतं.

आणि हो, हबर्ड ब्रूकला पाणी वाढलं पण कसलं वाढलं? मातीतला नायट्रोजन धरून ठेवणारी मुळंच मेली म्हणून नायट्रेट इतकं वाहून आलं की ओढ्याचं पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर गेलं. ते आधी सांगा वर्गात, मग ४० टक्के सांगा.

उलटं उदाहरण पण आहे, दक्षिण आफ्रिकेतलं मोकोबुलान. तिथे मुळात गवताळ डोंगर होता, जंगल नव्हतंच. १९६९ मध्ये एका पाणलोटावर निलगिरी लावली, नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळाव्या वर्षी झाडं तोडली तरी तो बारमाही वाहायला आणखी पाच वर्षं लागली, कारण मुळांनी खोलवरचा साठाच पिऊन टाकला होता, तो भरेपर्यंत ओढ्याला काय मिळणार. जिथे गवत होतं तिथे गवतच पाणी सांभाळत होतं. गवताला "पडीक" म्हणणं हीच मोठी चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रानवाट:
वरचं सगळं बरोबर आहे पण एक काळजी वाटते म्हणून लिहितेय. हे वाचून कोणी म्हणेल बघा झाडं पाणी पितात मग तोडा, आणि असं म्हणणारे खरंच असतात. एका ओढ्याचा हिशेब मोठ्या प्रदेशाला लावता येत नाही. झाड जे पाणी हवेत सोडतं ते नाहीसं होत नाही ना, ते पुढे कुठेतरी पाऊस म्हणून पडतं. अ‍ॅमेझॉनमध्ये एनियास सलाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातले आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) तपासून दाखवलं की तिथला साधारण निम्मा पाऊस जंगलानेच हवेत परत सोडलेल्या वाफेचा असतो. नंतरचे अंदाज यापेक्षा कमी आहेत पण मूळ गोष्ट टिकून आहे, समुद्रावरून आलेली वाफ झाडं पुन्हा पुन्हा वापरत आत आत नेतात. इथलं जंगल काढलं तर इथल्या ओढ्याला फायदा दिसेल आणि शेकडो किलोमीटर लांबच्या शेतावरचा पाऊस कमी होईल, तो शेतकरी कोणाला विचारणार?

दुसरं म्हणजे "जास्त पाणी म्हणजे चांगलं" हे पण दरवेळी खरं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात खोल मुळांची मूळची झाडी काढून गहू पेरला. गव्हाची मुळं उथळ आणि पीक काही महिन्यांचंच, त्यामुळे उरलेलं पाणी खाली जाऊन भूजल वर चढायला लागलं. ऐकायला किती छान ना? पण त्या मातीत खोलवर हजारो वर्षांचं मीठ साठलेलं होतं, समुद्राकडून येणाऱ्या पावसाबरोबर थोडं थोडं आलेलं. पाण्याबरोबर तेही वर आलं आणि शेतं, ओढे सगळं खारट झालं. डब्ल्यू. ई. वूड नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने हे १९२४ मध्येच लिहून ठेवलं होतं, कारण वाफेच्या इंजिनांना लागणारं साठवणीचं पाणीच खारं व्हायला लागलं होतं. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं झाडी काढणं चालूच राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

ओलीमाती:
बापरे, किती नीट सांगितलंत दोघांनी, मनापासून आभार. म्हणजे मी आत्तापर्यंत झाडं मोजायला शिकवत होते आणि खरं बघायचं होतं ते मातीकडे, असं म्हणू का? आणि मग मधला मार्ग काही आहे का, की किती झाडं असली तर पाणी सगळ्यात जास्त मुरतं?

पाणलोट_वाला:
माती आणि मुळं दोन्हीकडे. मधलं उत्तर आहे, निदान कोरड्या उष्ण प्रदेशासाठी. २०१६ मध्ये बुर्किना फासोमधला एक अभ्यास आला, त्यात दिसलं की अगदी उघड्या रानात पण भूजल कमी भरतं आणि दाट झाडीत पण कमी, विरळ झाडं असली की सगळ्यात जास्त. कारण थोड्या झाडांनी माती मोकळी होते, पाणी मुरतं, पण पिणारे पंप कमी. सगळीकडे हाच आकडा लावू नका मात्र, पाऊस आणि माती बदलली की तोल बदलतो.

नदीकाठ:
शहर आणि पाणथळीचं कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे ढोबळ आकडे आहेत, नैसर्गिक जमिनीवर पडलेल्या पावसातलं साधारण १० टक्के वरून वाहतं आणि ५० टक्के मुरतं. तीच जमीन तीन चतुर्थांशाच्या वर काँक्रीट आणि डांबराखाली गेली की ५५ टक्के वाहतं आणि १५ टक्केच मुरतं. पाऊस तेवढाच, ढग तेच. वर ते पाणी तापलेल्या रस्त्यावरून तेल आणि टायरची भुकटी घेऊन गटारातून थेट ओढ्यात. ओढा अचानक फुगतो, काठ खरवडतो, तळाच्या खड्यांमधल्या फटी गाळाने बुजतात आणि मासे अंडी घालायचे ती जागाच जाते. काठची झाडं गेली असतील तर सावली नाही, पाणी गरम, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मासे का मेले म्हणून सगळे विषारी पाण्याचा नमुना शोधतात आणि कारण काठावरच्या तुटलेल्या खोडात असतं.

पाणथळीसाठी फ्लोरिडातली किसिमी नदी सांगा मुलांना. पूर येतो म्हणून १९६२ ते १९७१ मध्ये १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा केला. काठच्या दलदली सुकल्या, हिवाळ्यात येणारी बदकं ९० टक्क्यांच्या वर कमी झाली. मग १९९९ पासून कालव्याचा काही भाग बुजवून नदीला जुन्या वळणांवर परत न्यायला सुरुवात केली, ते बांधकाम २०२१ ला संपलं. पाणी पसरलं तसे पक्षी आणि मासे परतायला लागले. सरळ करायला नऊ वर्षं आणि परत वाकवायला बावीस.

एक करून बघा वर्गाबरोबर. दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा घ्या, जमिनीत चार बोटं ठोका, एक लिटर पाणी ओता आणि किती वेळात मुरतं ते घड्याळावर बघा. झाडाखाली पालापाचोळ्यात एकदा, मैदानात पायवाटेवर एकदा, कुंपणाजवळच्या गवतात एकदा.

ओलीमाती:
शनिवारीच करते. घड्याळ त्या मुलीच्याच हातात देते.

रानवाट:
ताई, प्रत्येक ठिकाणी आधी एक लिटर ओतून माती भिजवून घ्या आणि मोजायचं ते दुसऱ्या लिटरला, नाहीतर कोरडी माती सुरुवातीला भसाभस पिते आणि पायवाट पण चांगली वाटते. आणि डबा ठोकताना झाडाचं जाड मूळ लागलं तर जागा बदला, मूळ तोडू नका.