तिसऱ्यांतील विष आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह

ऐरोलीकर: दिवाळे गावच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्या (छोटे शिंपले) रात्रभर पाण्यात ठेवून, वाळू सुटल्यावर उकडल्या, की शैवालाचे विषही जाते, असे आमच्याकडे मानतात. ते खरे आहे का? आणि समुद्रप्रवाहांचा याच्याशी काय संबंध?

खाडीकाठ: दुर्दैवाने नाही. सॅक्सिटॉक्सिन, म्हणजे काही सूक्ष्म शैवाल बनवतात ते विष, उकळूनही टिकते आणि मांसाचा वास, रंग बदलत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते, खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि त्यावर शैवाल फोफावते. वारा फिरला, की असे पाणी किनाऱ्याकडे येऊ शकते आणि पाणी गाळून खाणारे शिंपले ते विष साठवतात. केरळात विझिंजम येथे १९९७ साली शिंपले खाऊन सात जण दगावले होते.

कोपरीकर: हिवाळ्यात लाटा निळ्या चमकतात, तो नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म समुद्री जीव, तो सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही, अमोनिया मात्र साठवतो. ठाणे खाडीतल्या कालवांबाबत म्हणाल, तर मला शैवालापेक्षा सांडपाण्याचीच धास्ती अधिक वाटते.

ऐरोलीकर: आभारी आहे. उकडून विष जात नाही, हे आईला सांगतो. पटेल असे वाटत नाही.