शेवट ठाऊक असलेली कादंबरीच खरी खिळवून ठेवते (तुम्हाला काय वाटते?)

लोकलमधला वाचक

परवा वाचनालयातून एक रहस्यकथा आणली. अकराव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली कुणीतरी पेन्सिलने रेघ मारून लिहून ठेवले होते, 'हाच खुनी'. चिडलोच. पण बदलापूर ते दादर सव्वा तास हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून वाचत गेलो. ठाणे येईपर्यंत पुस्तक पिशवीत गेले. खुनी कळला आणि मागे काही उरलेच नाही.

तेव्हापासून एक मत घट्ट होत चालले आहे. शेवट आधीच ठाऊक असूनही जी खाली ठेववत नाही, तीच खरी थरारक कादंबरी. बाकीची सोडवून झालेली शब्दकोडी.

फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' घ्या. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एका परक्या नेमबाजाला मिळते, एवढीच गोष्ट. पुस्तक आले १९७१ साली आणि द गॉल १९७० मध्ये स्वतःच्या घरी वारले होते. म्हणजे बेत फसणार हे पहिल्या पानापासून उघड. याच कारणाने सुरुवातीला काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले होते. तरी तो माणूस लहानपणीच वारलेल्या एका मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढतो, कुबडीत मावेल अशी बंदूक कशी बनवून घेतो, जंगलात खरबूज टांगून नेम कसा जुळवतो, हे वाचताना माझे स्टेशन दोनदा चुकले आहे. आणि शेवटी काय, तर पदक लावून झाल्यावर द गॉल एका जुन्या सैनिकाच्या गालाचे चुंबन घ्यायला वाकतात आणि गोळी डोक्यामागून निघून जाते. ही फ्रेंच रीत त्या परक्याच्या हिशेबातच नव्हती. हे ठाऊक असून मी ते पान तीनदा वाचले आहे.

आपल्याकडे विश्वास पाटलांचे 'पानिपत' तसे. १४ जानेवारी १७६१ ला काय झाले हे न सांगता कळलेले असते, 'पानिपत झाले' हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. तरी कुंजपुरा जिंकल्यावर वाटते, आता यमुनेचे उतार कुणीतरी धरून बसा रे! अब्दाली बागपतला नदी उतरतो आणि पोटात खड्डा पडतो.

निळी शाई

अजिबात पटले नाही. पेन्सिलवाल्याचा राग मलाही येतो, पण एका फुसक्या पुस्तकावरून सगळ्या रहस्यकथा कशा मोडीत काढता?

अगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ ची आहे. शेवट इथे फोडणार नाही. शेवटचे प्रकरण संपले आणि रात्री साडेबाराला मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. तीच वाक्ये, एक शब्द बदललेला नाही, पण प्रत्येक वाक्याचा अर्थ आता वेगळा. लेखिकेने खोटे कुठेच सांगितलेले नव्हते, माझेच लक्ष दुसरीकडे होते. हा धक्का शेवट न कळता पोचण्यातलाच आहे. ख्रिस्तीबाईंचे 'माउसट्रॅप' नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे आणि खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. लोक ती पाळतात. न कळण्याच्या आनंदाला लोकांच्या लेखी किंमत आहे म्हणूनच ना?

सनावळी

ऐतिहासिक कादंबरीचा शेवट ठाऊक असतो हे खरे. पण मधले ठाऊक असते का? माझे भांडण तिथे आहे.

रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) मी शाळेत असताना वाचली. माधवराव पेशवे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, एवढे कागदपत्रांत आहे. त्या दोघांचे एकांतातले संवाद मात्र देसाईंचे आहेत. थेऊरला चिंतामणीच्या देवळात एक गृहस्थ आपल्या मुलीला त्यातला एक संवाद 'रमाबाई असे म्हणाल्या' म्हणून सांगत होते. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून आहे. पेशवे दप्तर वाचणारे मूठभर, कादंबरी वाचणारे लाखो. मग इतिहास कुणाचा उरतो?

डॅन ब्राउनच्या 'दा विंची कोड'ने (२००३) तर कळस केला. पुस्तकाच्या सुरुवातीलाच सत्य म्हणून सांगितले आहे की 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ पासूनची आहे. प्रत्यक्षात ती पिएर प्लांटार नावाच्या माणसाने १९५६ मध्ये काढली आणि तिचा जुनेपणा दाखवणारे कागद बनावट निघाले.

कोल्हापूरची वाचक

सनावळी, तुम्ही म्हणता त्याच धर्तीवर माझे एक लाडके पुस्तक आहे, 'पॅपिलॉन'. रवींद्र गुर्जरांच्या मराठी अनुवादातून दहावीच्या सुट्टीत वाचले. ऑन्री शारियेर स्वतःचीच गोष्ट सांगतो आहे, म्हणजे तो जिवंत सुटला हे आलेच. धागाकर्त्याचा मुद्दा इथे अगदी बरोबर बसतो. डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावरच्या कड्यावर बसून तो लाटा मोजतो, दर सातवी लाट मोठी असते हे हेरतो, आणि नारळांनी भरलेले पोते छातीशी धरून त्या लाटेवर उडी टाकतो. मी पलंगावर पालथी पडून वाचत होते. आई जेवायला हाका मारून थकली.

पुढे कॉलेजात असताना समजले की त्यातले बरेचसे इतर कैद्यांचे अनुभव आहेत, आणि काही मुळात घडलेच नाही असे अभ्यासक म्हणतात. फार वाईट वाटले, कुणीतरी जवळच्या माणसाने खोटे बोलावे तसे. कादंबरी म्हणून दिली असती तर तेच पोते, तीच लाट मी आनंदाने घेतली असती.

सनावळी

हेच तर म्हणतो आहे मी! 'हे मी रचले आहे' एवढे एक पान पुस्तकाच्या शेवटी छापायला काय हरकत आहे? कुठला प्रसंग बखरीतला, कुठला पत्रातला, कुठला स्वतःचा, एवढे लेखकाने सांगावे.

निळी शाई

त्या पानाने कादंबरीचा जीव जाईल. तळटिपा पाहत पाहत कुणी रडत नाही.

गडवाट

मला शेवटाशीही देणेघेणे नाही आणि खऱ्याखोट्याशीही. अ‍ॅलिस्टर मॅक्लीनची 'गन्स ऑफ नॅव्हारोन' चार वेळा वाचली. नॅव्हारोन हे बेट नकाशात नाही. रात्रीच्या पावसात, वादळात ती माणसे उभा कडा चढतात तेव्हा माझ्या तळहाताला घाम येतो. कारण मी स्वतः कड्यांवर दोर लावून चढलो आहे, ओल्या खडकावर बोटे कशी बधिर होतात ते मला माहीत आहे. लेखकाला चढाई कळते की नाही एवढेच मी बघतो.

लोकलमधला वाचक

गडवाट, तुमच्या चार वाचनांनी माझेच म्हणणे खरे ठरते. पहिल्या वाचनानंतर तुम्हालाही शेवट ठाऊकच होता की.

निळी शाई, अ‍ॅक्रॉइड मी वाचलेली नाही. तुम्ही रात्री साडेबाराला पहिल्या पानावर परत गेलात, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचनालयात नको, विकत घेऊन वाचतो, कोरी प्रत.

सनावळी, तुमचे अर्धे पटते. डॅन ब्राउनच्या बाबतीत पूर्ण. पण 'पानिपत' वाचण्याआधी त्या लढाईतले मला फक्त 'दोन मोत्ये गळाली' एवढे ठाऊक होते, शाळेतल्या धड्यातले. कादंबरी संपल्यावर मी बखर शोधून आणली, पत्रे वाचली, नकाशा काढून यमुनेचे उतार बोटाने शोधले. दुपारपर्यंत पारडे आपल्याकडे झुकलेले होते आणि मग विश्वासराव गोळी लागून पडले, हे आता मला कागदपत्रांतूनही माहीत आहे. तरी दर संक्रांतीला तो भाग काढून बसतो, आणि दर वेळी वाटते की या खेपेला गोळी लागायच्या आत कुणीतरी त्यांना मागे नेईल.