गणपतीला गावी जाताना कुत्रीला कुठे ठेवायचं? बोर्डिंग आणि ट्रेनर पारखायचा कसा?

भांडुपकर

गणपतीला अजून सहा आठवडे आहेत. घरातले सगळे कणकवलीकडे गावी जाणार, जाऊन-येऊन दहा दिवस. टिकलीला नेणं शक्य नाही: गाडीत बारा-चौदा तास, वाडीतले मोकळे कुत्रे, आरतीची गर्दी आणि वर फटाके. टिकली दोन वर्षांची इंडी (देशी कुत्री), 18 किलो, नसबंदी झालेली. मोठ्या आवाजाला आणि अनोळखी पुरुषांना घाबरते, बाहेर पट्टा ओढते.

दोन जागा समोर आहेत. एक कर्जतच्या बाजूचं फार्म: मोठं मैदान, रोज एक व्हिडिओ, आणि जादा पैसे दिले तर 'दहा दिवसांत पूर्ण ट्रेन करून देतो' असं आश्वासन. दुसरी मुलुंडला एका ताईंच्या फ्लॅटमध्ये घरगुती बोर्डिंग, एका वेळी जास्तीत जास्त तीन कुत्रे. फोटो दोन्हीकडचे छान आहेत, रिव्ह्यू पाच तारे. प्रत्यक्ष गेल्यावर नेमकं काय बघायचं, काय विचारायचं? लसी कुठल्या आणि कधी? आणि ट्रेनिंगला हो म्हणावं का?

कुंपण

पहिला प्रश्न हा विचारा: रात्री अकरा ते सकाळी सहा इथे कोण असतं आणि कुठे झोपतं? दिवसा सगळीकडे माणसं असतात. 'राखणदार असतो' हे उत्तर पुरेसं नाही, कारण राखणदार बहुतेकदा गेटवर बसतो आणि कुत्र्यांची खोली मागच्या बाजूला असते. उलट्या सुरू झाल्या किंवा पाय जाळीत अडकला तर त्याला ऐकू येतं का, ते त्याच्या खाटेपासून चालत जाऊन बघा.

त्यालाच जोडून दुसरा. रात्री दोनला डॉक्टर लागला तर कुठला, किती किलोमीटरवर, आणि गाडी कोण चालवणार? कर्जतहून परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पोचायला मोकळ्या रस्त्यानेही दोन तास धरा, गणपतीच्या दिवसांत त्याहून जास्त. म्हणजे जवळचा डॉक्टर हवाच. त्याचं नाव मागा आणि त्याच्या दवाखान्यात फोन करून विचारा की या फार्मचे कुत्रे तुमच्याकडे येतात का. दोन मिनिटांचं काम आहे, पण यातून जे कळतं ते शंभर रिव्ह्यूंतून कळत नाही.

मग कुंपणाभोवती एक पूर्ण फेरी मारा, आतून. इंडी पळते ती बहुतेक वेळा उडी मारून नाही, खालून. पावसात गेटखालची माती वाहून जाते आणि तिथे घळ पडते. जिथून डोकं जातं तिथून 18 किलोचं सडपातळ अंगही जातं. जाळी जमिनीत पुरलेली आहे की नुसती टेकवली आहे ते बघा. उंची सहा फूट तरी हवी, आणि कुंपणाला लागून पाण्याचा ड्रम, विटांचा ढीग असलं काही नको, ती त्यांची पायरी होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुहेरी गेट. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, अशी सोय नसेल तर घाबरट कुत्रा तिथे ठेवू नका. डिलिव्हरीवाला आला आणि गेट अर्धं उघडं राहिलं, एवढं पुरतं.

स्वच्छता नाकाने तपासू नका. फिनाईलचा घमघमाट म्हणजे सफाई नव्हे. पार्व्होचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा) विषाणू फिनाईलला दाद देत नाही आणि फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो. त्यांना विचारा, जुलाब झालेला पिंजरा कसा धुता? बरोबर उत्तर असं: आधी घाण काढून साबणाने धुवायचं, मग एक लिटर पाण्यात साधारण 30 मिली साधं ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, मग पाण्याने धुऊन सुकवायची. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते कामच करत नाही. जाता जाता पाण्याच्या भांड्यात आतून बोट फिरवा. बुळबुळीत थर लागला तर ते भांडं रोज घासलं जात नाही.

कुत्रे एकत्र सोडतात का, कोणत्या हिशेबाने? आकार आणि स्वभाव बघून गट पाडायला हवेत, जेवण मात्र प्रत्येकाला वेगळं, दार लावून. भांडणं तीन ठिकाणी होतात: जेवणाच्या भांड्याशी, गेटपाशी, आणि नवा कुत्रा आत आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत. त्या दहा मिनिटांत ते काय करतात ते विचारा. गणपतीत एका माणसामागे आठ-दहापेक्षा जास्त कुत्रे असतील तर माझ्या मते ती जागा नको. शिवाय हीटवर (माजावर) आलेली मादी घेता का? घेत असतील तर नरांची मारामारी ठरलेली.

फ्लॅटच्या बाबतीत प्रश्न वेगळे. मुख्य दाराच्या आत सेफ्टी डोअर किंवा बेबी गेट आहे का, खिडक्यांना ग्रिल आणि बाल्कनीला जाळी आहे का, ताई भाजीला गेल्या तर कुत्रे किती तास एकटे राहतात, त्या वेळी तिघे एकाच खोलीत असतात का. पहिले चार दिवस टिकलीला लिफ्टमधून नेताना दोन पट्टे लावायचे, एक गळपट्ट्याला आणि एक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला). घाबरलेली इंडी मागे सरकत मान बाहेर काढते, तेव्हा साधा गळपट्टा हातात राहतो.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून टिकलीसाठी मला फ्लॅट बरा वाटतो. मैदान माणसाला आवडतं. घाबरणाऱ्या कुत्रीला ओळखीची माणसं, कमी आवाज आणि लपायला एक कोपरा लागतो.

नाडी

तारखा आजच लावा, सहा आठवडे जास्त नाहीत.

लसीचं पुस्तक उघडा. रेबीजची लस परतायच्या तारखेपर्यंत मुदतीत हवी. एकत्रित लसीतला लेप्टोस्पायरोसिसचा भाग साधारण वर्षभरच पुरतो. तो उलटून बरेच महिने झाले असतील तर डॉक्टर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यायला सांगू शकतात, म्हणून या आठवड्यातच दाखवून घ्या. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) नाकात सोडायची लस किमान आठवडाभर आधी. ती घेऊनही खोकला होऊ शकतो, पण सहसा सौम्य राहतो. आणि बोर्डिंगवाल्यांनी तुमच्याकडे हे पुस्तक मागितलंच नाही तर समजून जा की शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचंही कुणी बघितलेलं नाही.

मुंबईत खरा धोका गोचिडांचा. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात, केनेलमध्ये आरामात पैदास करते आणि भिंतीवर वर चढते. म्हणून जमिनीकडे बघू नका. भिंतीचा वरचा कोपरा, दाराच्या चौकटीची फट, खाटेच्या पट्ट्यांची खालची बाजू मोबाईलच्या टॉर्चने बघा. मोहरीएवढे तपकिरी ठिपके हलताना दिसले तर तिथून निघा. टिकलीला जायच्या आठवडाभर आधी गोचीडनाशक गोळी द्या: अफॉक्सोलॅनरची महिनाभर चालते, फ्लुरालॅनरची 12 आठवडे. तिला कधी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. या गोळ्या गोचीड चावल्यावर तिला मारतात, चावण्यापासून रोखत नाहीत. म्हणून रोज कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवायला बोर्डिंगमध्ये सांगून ठेवा.

टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, परतल्यावर लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर 'प्रवासाने थकली असेल' म्हणून दिवस जातात. जेवण सोडलं, ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला (एरवी 101 ते 102.5 असतो), हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट्स बघायच्या आणि बॅबेसिया, अर्लिकिया या टिक फीवरच्या दोन्ही जंतूंसाठी तपासणी करायची, कारण दोघांची औषधं वेगळी आहेत. घरात उरलेलं डॉक्सिसायक्लिन (अर्लिकियावरचं औषध) अंदाजाने सुरू केलं तर बॅबेसिया तसाच राहतो.

लेप्टो उंदरांच्या लघवीतून पसरतो. तेव्हा जागा बघताना खाण्याची पोती कुठे ठेवतात ते बघा. झाकणाचा पत्र्याचा डबा असेल तर ठीक. कोपऱ्यात उघडं पोतं असेल तर रात्री तिथे उंदीर येतात आणि सकाळी त्याच फरशीवर कुत्रे चाटत फिरतात. परतल्यावर उलट्या, पिवळे डोळे, लघवी कमी असं काही दिसलं तर तिची लघवी पुसताना हातमोजे घाला, हा आजार माणसालाही होतो.

खाणं घरचंच द्या. दिवसाला दोन वेळा धरून दहा दिवसांची 20 पाकिटं, वर चार जादा. प्रत्येकात मोजलेलं एक जेवण. रिकामी पाकिटं परत मागा. ती खाते आहे की नाही हे व्हिडिओपेक्षा त्यावरून कळतं.

शीळ

दहा दिवसांच्या ट्रेनिंगला नाही म्हणा.

पट्टा न ओढता चालणं हे दोघांमधलं कौशल्य आहे. कर्जतच्या मैदानात, दुसऱ्या माणसाच्या हातात ती नीट चालली तरी भांडुप स्टेशनबाहेरच्या रिक्षांत, तुमच्या हातात ती पुन्हा ओढणार, कारण कुत्रा शिकतो तो त्या जागेसकट आणि त्या माणसासकट. शिवाय घर सुटलेली घाबरट कुत्री पहिले काही दिवस शिकायच्या मनःस्थितीत नसते. तिथे दहा दिवसांत 'निकाल' दाखवायचा तर सोपा मार्ग एकच उरतो, धाक. व्हिडिओत धाकलेली कुत्री आज्ञाधारक दिसते: शांत बसलेली, न हलणारी. जवळून बघा. कान मागे चिकटलेले, शेपटी पोटाशी, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, समोर खाऊ नसताना जीभ नाकावर फिरतेय. अशी कुत्री शिकलेली नसते, ती गोठलेली असते.

ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करावी लागते. तीन प्रश्न पुरतात. कुत्र्याने बरोबर केलं की तुम्ही काय करता? चुकलं की काय करता? आणि तुमची पद्धत चालली नाही तर पुढे काय? पहिल्याचं उत्तर खाऊ, खेळ, मोकळीक असं नेमकं हवं. दुसऱ्याला 'करेक्शन देतो' असं गुळमुळीत उत्तर आलं तर विचारा की करेक्शन म्हणजे हाताने नेमकं काय करता, आणि ते माझ्यासमोर दाखवा. चोक चेन, काटेरी पट्टा, शॉक कॉलर पिशवीतून निघाली तर बोलणं तिथेच संपवा. तिसऱ्यावर चांगला ट्रेनर बहुधा सांगतो की आधी डॉक्टरला दाखवू, दुखतंय का बघू.

'तुम्ही तिचे अल्फा (धाक दाखवणारा म्होरक्या) व्हायला हवं' हे वाक्य आलं तर सावध व्हा. एकमेकांना अनोळखी लांडगे डांबून ठेवले तेव्हा त्यांच्यात जी भांडणं दिसली, त्यावरून ती कल्पना निघाली. लांडग्यांचे अभ्यासक एल. डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट मांडलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. त्या कल्पनेवर कुत्र्यांना जमिनीवर दाबून धरणं हा अन्याय आहे आणि चावे ओढवून घेणंही.

सहा आठवड्यांत घरीच हे करा. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, रोज दोनदा पाच मिनिटं. पट्टा ताणला की थांबायचं, सैल झाला की त्याच क्षणी तुकडा तुमच्या पायाशी द्यायचा आणि पुढे चालायचं. आधी जिन्यात, मग इमारतीच्या आवारात, रस्त्यावर सगळ्यात शेवटी. दुसरं, एक गोधडी ठरवा. तिच्यावर बसली की तुकडा, पडून राहिली की आणखी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती 15 मिनिटं गोधडीवर पडून राहायला लागते. ती गोधडी शेवटचा आठवडा न धुता तिच्याबरोबर पाठवा. नव्या घरात ओळखीचा वास आणि ठरलेली जागा दोन्ही मिळतात.

भांडुपकर

फार उपयोग झाला. फार्मवाल्यांना फोन केला, ते म्हणाले, कुत्रे बिथरतात म्हणून झोपायची जागा दाखवत नाही. मुलुंडच्या ताई एक रात्र चाचणी म्हणून ठेवून घ्यायला तयार आहेत. लेखी काय घ्यायचं?

कुंपण

अनोळखी माणसाने आत गेलं की कुत्रे भुंकतात हे खरं. पण मग कुत्रे मैदानात असतानाची वेळ देता येते, किंवा झोपायच्या खोलीतून व्हिडिओ कॉल करता येतो. दोन्हीला नकार आला तर ती जागा सोडा.

एक रात्र एकदम नको. आधी दोन तास, चार दिवसांनी अर्धा दिवस, मग रात्र. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी तिने सकाळचं जेवण घेतलं का ते विचारा. एक जेवण सोडणं चालतं. 24 तास काहीच खाल्लं नाही, पाणीही प्यायली नाही, तर त्या जागेचा किंवा दहा दिवसांचा पुन्हा विचार करा.

लेखी एका पानात मावतं. तुमचा डॉक्टर कोण. तुमचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंत उपचार लगेच सुरू करायचे. तुमच्या वतीने निर्णय घेणारा मुंबईतला एक माणूस. कोकणात रेंज जाते, म्हणून हा माणूस हवाच. शांत राहण्यासाठी कुठलंही औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही. बाहेर पट्ट्याशिवाय सोडायचं नाही. हरवली तर तासाभरात कळवायचं. सोबत लसीच्या पुस्तकाची आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत, आणि समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेले ताजे फोटो.

नाडी

सोडताना वजन करा, आणताना पुन्हा करा. 18 किलोच्या कुत्रीचं दहा दिवसांत एक किलोहून जास्त उतरलं तर फक्त 'थोडी नाराज होती' यावर समाधान मानू नका. घरी आणल्यावर उजेडात बघा: नाकाचा शेंडा सोललेला असेल तर ती जाळीत नाक खुपसत राहिली, पुढची नखं तुटलेली असतील तर दार खरवडत राहिली, आवाज बसला असेल तर तासन्तास भुंकली. गळपट्ट्याखालचे केस घासून गेले असतील तर तिला बांधून ठेवलं होतं. आणायला जाल तेव्हा गळपट्टा वर सरकवून हे तिथल्या तिथे बघा आणि ताईंनाच विचारा.