गूढ कोडं एकट्याने सोडवायचं की चारचौघांत?

तापीकाठचा_मास्तर
मंडळी, आमच्या भुसावळ-जळगावच्या ग्रुपवर रोज गूढ कोड्याचे, म्हणजे क्रिप्टिकचे, दोन-तीन क्लू पडतात आणि त्यावरून आता चक्क दोन तट पडलेत. एक तट म्हणतो उत्तर सापडलं की टाका आणि फोड करून सांगा. दुसरा म्हणतो कोडं हे ज्याचं त्याने सोडवायचं, दुसऱ्याचं उत्तर वाचलं की सगळं संपलं. मी पहिल्या तटातला आणि ठामपणे आहे.

साधं शब्दकोडं खुशाल एकट्याने भरा, "सूर्य (२)" आलं की रवी लिहायचं नि पुढे जायचं, त्यात सांगण्यासारखं काय असतं? गूढ कोड्यात तसं नाही. क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या शब्दांत तोच शब्द दुसऱ्या वाटेने बांधलेला असतो, कंसात अक्षरं किती ते. नवीन लोकांसाठी एक देतो:

भुसा, मग वळ, जंक्शन येईल (४)

वाचताना वाटतं कोणीतरी शेतातला रस्ता सांगून राहिलंय. भुसा अधिक वळ, भुसावळ! आणि जंक्शन हा सरळ अर्थ. आता हे ज्याला पहाटे सुचलं त्याने ते कोणाला सांगायचंच नाही? मला तर क्लू सुटल्यावर पहिला विचार येतो तो हाच की आता हे कोणाला दाखवू.

निवांत_धुळेकर
मास्तर, अजिबात मान्य नाही. तुम्हाला सांगायचा आनंद आहे हो, पण तो तुम्ही माझ्या आनंदातून काढून घेता. मी दिवसभर ड्युटीवर, संध्याकाळी चहा घेऊन बसतो तर ग्रुपवर सकाळीच चार जणांनी उत्तर टाकलेलं, वर अंगठे. भुसावळ कळल्यावर तो क्लू परत न कळलेला करता येतो का? नाही ना. मग ज्याला नंतर वेळ मिळतो त्याने काय करायचं?

आणि कोडं ही एकट्याच्या डोक्याची परीक्षा आहे हे काही माझं खूळ नाही. १९४२ च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफने आपल्या ऑफिसात लोक बोलावले आणि १२ मिनिटांत कोडं सोडवून दाखवा म्हणून स्पर्धा घेतली, त्यातल्या काहींना नंतर ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामावर घेतलं. तिथे कोणी शेजाऱ्याच्या वहीत बघत नव्हतं.

यावल_पॅसेंजर
भाऊ, गोष्ट खरी पण अर्धीच सांगितली. परीक्षा एकेकट्याने दिली, बरोबर. पुढे ब्लेचलीत काय झालं? तिथे हजारो लोक कामाला होते, गणितवाले, भाषावाले, बुद्धिबळवाले, आणि एकाने अंदाज बांधायचा, दुसऱ्याने तपासायचा असंच चालायचं. एकेकट्याने बसून युद्धातले संदेश फुटले नसते. तुमचंच उदाहरण मास्तरांच्या बाजूने जातं.

अमळनेरची_ताई
मला धुळेकर दादांचं दुःख कळतं, खरंच कळतं, पण एक विचारते. तुम्हाला गूढ कोडं शिकवलं कोणी? मी मराठी मीडियमची, आमच्या घरात कोडं म्हणजे पेपरच्या कोपऱ्यातलं आडवे-उभे, त्यापलीकडे काही असतं हे माहीतच नव्हतं. मी शिकले ती दुसऱ्यांनी केलेल्या फोडी वाचून वाचून, कोणीतरी "अगं हा शब्द उलटा वाच" म्हटल्यामुळे. सगळ्यांनी उत्तर मनात ठेवलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं असतं, आणि माझ्यासारख्या गावोगावी कितीतरी असतील.

आणि लोकांना वाटतं हे काहीतरी साहेबाचं अवघड प्रकरण आहे. नाहीये! शाळेत श्लेष अलंकार शिकलो ना, "हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस", एकच शब्द नि अर्थ दोन. त्याचाच क्लू केला: पाणी म्हणजेच आयुष्य (३). उत्तर जीवन. दहावीच्या व्याकरणाएवढं भांडवल पुरतं. फक्त कोणीतरी शेजारी बसून दाखवणारं पाहिजे.

नियमवाला_चोपडा
मला दोन्ही तटांशी भांडायचंय. उत्तर कधी टाकायचं हा किरकोळ प्रश्न आहे, खरं नुकसान वेगळंच होतंय, ग्रुपमुळे क्लू ढिले व्हायला लागलेत कारण मित्राच्या क्लूला कोणी वाईट म्हणत नाही. परवा हा आला होता:

सौरभ रीतसर जेवला, त्याच्या पोटात वांग्याचा पदार्थ (३)

सौर-भ-री-त-सर, म्हणजे भरीत लपलंय. सगळ्यांनी वा वा केलं. पण त्यात "जेवला" कशासाठी आहे? लपवायला "सौरभ रीतसर" एवढंच लागतं, जेवला फुकट आलाय. इंग्लंडात यावर लोकांनी आयुष्यं घातली. १९२६ पासून ऑब्झर्व्हर नावाच्या पेपरमधे टॉर्केमाडा नावाने कोडी यायची, भयंकर अवघड. त्याच्यानंतरच्या झिमेनीझने नियमच घट्ट केले: सरळ अर्थ हवा, नेमकी फोड हवी, बाकी काही नको. १९७२ मधे अझेड नावाचा कोडेकार आला, ते नाव डेझा हे आडनाव उलटं करून. तिन्ही नावं स्पेनच्या धर्मन्यायाधीशांची, म्हणजे सोडवणाऱ्याला छळणारे पण कायद्यात राहून! कोडेकार फसवू दे, फसवायलाच बसलाय तो, पण शेवटी उत्तर कळल्यावर "हो, हे लिहिलेलंच होतं की" असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर ती लबाडी.

यावल_पॅसेंजर
जेवला काढला तर वाक्य मरतं ना भाऊ. "सौरभ रीतसर यांच्या पोटात वांग्याचा पदार्थ", हे कोण बोलतं असं? मला तो क्लू आवडला होता नि अजून आवडतो.

नियमवाला_चोपडा
वाक्यही जिवंत आणि नेमकंही, असं होतं. हे बघा: आता पीठ, आत नदी (२). आ-ता-पी-ठ, आत तापी. एक अक्षर जास्तीचं नाही.

जामनेर_ते_पुणे
क्लू छान आहेत सगळ्यांचे पण मला प्रामाणिकपणे वाटतं की मराठीत हा खेळ एका मर्यादेपलीकडे जात नाही. इंग्रजीत २६ सुटी अक्षरं, कशीही विस्कटा, दहा-बारा अक्षरांच्या शब्दातून अख्खं वेगळं वाक्य निघतं. आपल्याकडे चौकटीत काना-मात्रा-वेलांटीसकट अक्षर बसतं, "की" चा "क" करता येत नाही, जोडाक्षर तर हलवताच येत नाही. विस्कटून काय मिळणार? सरकत चं कसरत, असे मोजके. मी म्हणून पुण्याला आल्यापासून इंग्रजीच सोडवतो, आणि एकट्याने.

अमळनेरची_ताई
विस्कटायला कमी मिळतं हे खरंय. पण मग तेवढ्यावरच का अडायचं? उलटं वाचायला आपल्यासारखं सोपं कुठे आहे, वाल्या कोळ्याने मरा मरा म्हटलं नि राम राम झालं हे तर घराघरात माहीत आहे. डावा उलटला की मोठं घर (२), वाडा. शब्दाला शब्द जोडायला तर आपली गावांची नावंच पुरून उरतील, चाळीसगाव, धरणगाव, बोदवड. तुम्ही जामनेरचे आहात दादा, इंग्रजीतली तुमची सवय इकडे आणा ना, आम्हाला उपयोग होईल. एकट्याने पुण्यात बसून सोडवलेलं आमच्यापर्यंत कसं पोचणार?

निवांत_धुळेकर
ताईंचं शिकण्याचं म्हणणं मला पटलं, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. फोड वाचल्याशिवाय नवीन माणूस येणार नाही. पण म्हणून माझा मुद्दा संपत नाही. फोड टाका, जरूर टाका, फक्त रात्री नऊनंतर. तोपर्यंत अडलेल्याने विचारायचं आणि बाकीच्यांनी फक्त खूण द्यायची: उलटा आहे, लपलाय, जोडलाय, एवढंच. तेवढ्यावर सुटला तर तो त्याचाच राहतो.

तापीकाठचा_मास्तर
नऊ फार उशीर होतो, भुसावळची निम्मी मंडळी पहाटेच्या ड्युटीला असते, नऊला झोपलेली असते. आठ करा.

निवांत_धुळेकर
मी घरी पोचतो साडेसातला मास्तर. अर्ध्या तासात जेवू की सोडवू? नऊच.

अमळनेरची_ताई
तुमचं ठरेपर्यंत हा घ्या, नवीनांसाठी सोपा आहे:

रवा उलटला, आज कुठला दिवस? (२)

जुन्यांनी लगेच उत्तर लिहू नका, पहिल्यांदा बघणाऱ्यांना थोडा वेळ द्या.