पोरांसाठी तिकिटाची मोठी बाग की कोपऱ्यावरची तुटक्या झोक्याची?

ढोकाळीकर
गेल्या रविवारी ठाण्यातल्या सेंट्रल पार्कला, म्हणजे तिकिटाच्या मोठ्या बागेत, जायला दहाला निघायचं ठरलेलं, निघालो साडेअकराला. डबा, टोपी, सनस्क्रीन, कपड्यांचे दोन जोड, वर पोराची स्कूटर. मग सिग्नल, मग पार्किंग, मग तिकिटाची रांग आणि आत गेलं की घसरगुंडीला परत रांग. साडेचार वर्षांचं पोरगं खरं खेळलं वीस मिनिटं, उरलेला वेळ आईस्क्रीमसाठी भोकाड. येताना गाडीत झोपलं आणि रात्री बारापर्यंत आम्हाला जागवलं.

सोमवारी तेच पोरगं आजीबरोबर कोपऱ्यावरच्या बागेत गेलं. तिथे आहे काय, तर दोन झोके, त्यातला एक तुटका, आणि एक गुलमोहर. त्याला गुलमोहराची वाळकी शेंग सापडली, दुसऱ्या एका पोराकडे पण होती, झाली तलवारबाजी सुरू. दीड तास घरी यायचं नाव नाही!

माझं मत झालंय की या मोठ्या बागा आपण आपल्यासाठी करतो, स्टेटसला फोटो टाकायला. पोराला रोजची बाग, रोजचे दोस्त आणि एक शेंग पुरते. बोला.

नेरूळची_आई
दादा तुमच्या सगळ्या गोष्टीत एक शब्द महत्त्वाचा आहे, "आजीबरोबर". आमच्याकडे आजी गावाला. आम्ही दोघं नोकरीवाले, सीएसएमटीहून हार्बरच्या लोकलने लटकत घरी पोचेपर्यंत साडेसात, लेकीला पाळणाघरातून घेऊन बागेत जावं तर अंधार आणि डास. मग आमची रोजची बाग कुठली? रविवार एके रविवार.

आणि आमच्या नेरूळच्या वंडर्स पार्कला तरी नावं ठेवू नका हं. लेकीला तिथली टॉय ट्रेन आणि ताजमहालची प्रतिकृती एवढी आवडते की आजीला फोनवर "मी आग्र्याला गेले होते" म्हणून सांगितलं. एकाच फेरीत सात आश्चर्यं बघून होतात, अजून काय पाहिजे 😄

दुसरं म्हणजे टॉयलेट. तीन वर्षांच्या मुलीला "शू आली" म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या बागेत काय करायचं ते जरा सांगा. पुरुषमंडळींच्या मतांत हा मुद्दा कधीच नसतो.

तलावपाळीवाला
ढोकाळीकरांशी सहमत. आमचं सगळं लहानपण ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर गेलं. गडकरी रंगायतनसमोर बसायचं, बोटी बघायच्या, भेळ खायची, चालत घरी. आताच्या पोरांना आईबाप एवढे प्रोग्राम लावून देतात की त्यांना कंटाळा येऊच देत नाहीत, आणि कंटाळा आल्याशिवाय पोरगं खेळ शोधणार कसं? ती शेंग सेंट्रल पार्कात सापडली असती का!

नेरूळची_आई
वीस एकराच्या बागेत एक शेंग सापडणार नाही? काहीही.

आरुषचे_बाबा
मी जरा वेगळं लिहितो. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, व्हीलचेअरवर असतो. आमच्या गल्लीतल्या बागेला बाइक आत येऊ नयेत म्हणून लोखंडी फिरतं फाटक बसवलंय. बाइक येत नाही हे खरं, पण आमची खुर्ची पण जात नाही. बाजूचं मोठं गेट आहे, त्याला कुलूप, किल्ली माळीकाकांकडे आणि माळीकाका कुठे ते देवाला माहीत. दोनदा मी त्याला उचलून आत नेलं आणि बायकोने खुर्ची घडी करून वरून दिली, सगळी बाग आमच्याकडे बघत होती. त्यानंतर तोच म्हणाला नको बाबा.

कोलशेतच्या सेंट्रल पार्कात रुंद सपाट रस्ते आहेत. तिथे तो स्वतः चाकं फिरवत माझ्या पुढे जातो. त्यामुळे तिकीट आणि पार्किंगचा त्रास मी आनंदाने घेतो. कोपऱ्यावरची बाग सगळ्यांची असते म्हणतात ना, तेव्हा मला ते फाटक आठवतं.

ढोकाळीकर
आरुषचे बाबा, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्या बागेला पण तसलंच फाटक आहे आणि मी त्यातून रोज जातो.

सीवूड्सचे_आजोबा
तुम्ही सगळे बागेवरून भांडताय, खाडीकडे कुणी बघतच नाही. दोन्ही नातवंडांना घेऊन मी ओहोटीच्या वेळी वाशीच्या सागर विहारला जातो. चिखल उघडा पडला की निवट्या दिसतात, मासा असून चिखलात उड्या मारतो! एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत बसतात, धाकट्याच्या मते ते टाटा करतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात, भरतीला खाडीतला चिखल बुडला की आमच्या सीवूड्सच्या तळ्याकडे येतात. तिकीट नाही, रांग नाही. फक्त भरती-ओहोटीची वेळ बघून निघायचं, तीही आता पोरंच बघतात.

तलावपाळीवाला
काका एक नंबर 👌 निवट्या आमच्याकडे कालवणात जास्त माहीत.

घोडबंदरची_मावशी
आजोबा, मजा आहे पण धावऱ्या पोरांना पाण्याच्या काठाला न्यायचं म्हणजे सगळा वेळ हात धरून उभं राहायचं. माझा भाचा तर चिखलात बूट सोडून आला. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर जायचा सल्ला पण खूप जण देतात, तिथे संध्याकाळ व्हायच्या आत खाली उतरायचं हे मात्र कुणी सांगत नाही, ते संजय गांधी नॅशनल पार्कचं जंगल आहे, बिबट्या तिथलाच रहिवासी. त्यापेक्षा पाऊस सरल्यावर घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीला फुलपाखरं बघायला जा, रविवारी सकाळी. लवकर जायचं, ऊन चढलं की पोरं वैतागतात.

नेरूळची_आई
म्हणजे परत रविवार सकाळच 😂 आजोबा, ओहोटीच्या वेळा कुठे बघायच्या तेवढं लिहा. आणि सागर विहारला टॉयलेट आहे का, ते आधी.

ढोकाळीकर
अपडेट. आज संध्याकाळी आमच्या बागेच्या माळ्याला शोधून काढला. मोठ्या गेटची किल्ली त्याच्याकडे पण नाही, म्हणाला कंत्राटदाराच्या माणसाकडे असते, तो मंगळवारी येतो. मंगळवारी सुट्टी टाकलीय.