झूमधल्या प्राण्यांच्या साथीच्या रोगांवर काम म्हणजे नक्की काय?

मिरजकर: बहीण शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, आता म्हणतीय झूमधल्या प्राण्यांच्या साथीवरच रिसर्च करणार. आई म्हणते वाघाच्या तोंडात हात घालायला एवढं शिकवलं का! ह्यात काम काय असतं?

डॉक्टर_दादा: वाघ लांबच राहतो ओ, हातात विष्ठा, रक्त, स्वॅब नाहीतर पोस्टमॉर्टेमचे नमुनेच जास्त. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, भोपाळच्या लॅबनं बर्ड फ्लू सांगितला, कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय. म्हणजे खाण्याची बादली पण तपासायची.

पलूसचा_गवळी: लाळ्या खुरकूत तर आमच्या गोठ्यातला, पण हरणांना पण होतो की! माणसाच्या बुटाला लागून पण जातो म्हणून दारात सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाकतो मी, धुण्याचाच सोडा.

डॉक्टर_दादा: बरोबर, झूत पण तेच, फक्त पोत्याच्या जागी फुटबाथ, म्हणजे बूट बुडवायला जंतुनाशक पाण्याचा उथळ हौद. गीरमध्ये २०१८ ला सिंह मेले त्यात कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग निघाला, त्यामुळं आजूबाजूच्या कुत्र्यांचं लसीकरण पण ह्याच कामात धरा.

मिरजकर: आईला पोत्याचं सांगितलं, म्हणाली मग घरातलीच म्हस बघ की आधी 😄