मदत हवी: १० किलोव्होल्टचं मोजमाप, काटा एक सांगतो आणि प्रोब दुसरंच

डीसी हाय व्होल्टेज मोजायला आकर्षण-तबकडीचं जुगाड केलंय. ०.०१ ग्रॅमच्या डिजिटल वजनकाट्यावर १० सेंमी व्यासाची अर्थ केलेली तबकडी, तिच्यावर १० मिमी अंतरावर तेवढीच दुसरी, तिला हाय व्होल्टेज. वरची खालचीला ओढते, तेवढं वजन घटतं. घट आली ३.७७ ग्रॅम. बल = एप्सायलॉन-शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक) × क्षेत्रफळ × व्होल्टेजचा वर्ग ÷ (२ × अंतराचा वर्ग) हे सूत्र लावलं तर १०.३ किलोव्होल्ट. मग तबकड्या सोडवून १ गिगाओहमचा प्रोब (मीटरला जोडून हाय व्होल्टेज मोजायची दांडी) लावला, तर ९.१! कोणावर विश्वास ठेवू? अंतर व्हर्नियरने तीनदा तपासलंय.

प्रतिसाद १: अंतर तपासलंत ते बरं केलंत, ०.१ मिमी चुकलं तरी व्होल्टेज १ टक्क्याने हलतं. पण आधी सांगा, स्रोताच्या आउटपुटला सिरीज रेझिस्टर (वाटेत ओळीने जोडलेला रोध) आहे का?

धागाकर्ता: आहे, सुरक्षेसाठी १०० मेगाओहम.

प्रतिसाद १: मग प्रोबच व्होल्टेज पाडतोय. १० किलोव्होल्टला तो जेमतेम ९ मायक्रोअँपिअर ओढतो, पण तेवढ्याने १०० मेगाओहमवर ०.९ किलोव्होल्ट जातात. तबकड्या डीसीवर गळती सोडली तर काहीच ओढत नाहीत, या उपकरणाची खरी मजा तीच. दोन्ही एकदम लावून काटा बघा.

धागाकर्ता: लावलं. घट ३.१२ ग्रॅमवर आली, म्हणजे सूत्राने ९.४. प्रोब ९.१च. अजून ३ टक्के कुठे मुरतायत?

प्रतिसाद २: कडेला. सूत्र धरतं की क्षेत्र सगळीकडे सरळ आहे, पण काठावर ते बाहेर फुगतं आणि ओढ वाढते. वाढ साधारण अंतर ÷ (π × त्रिज्या), तुमच्या मापांत ६.४ टक्के. व्होल्टेज वर्गमुळात येतं, म्हणून ३.२. भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनने एकोणिसाव्या शतकातच यावर गार्ड रिंग काढली: मोजायच्या तबकडीभोवती, तिच्याच पातळीत, तिच्याच विभवाचं (व्होल्टेजचं) स्थिर कडं. वरची तबकडी मात्र कड्याएवढी मोठी लागेल.

धागाकर्ता: वा, हिशेब चोख जुळला! कडं कापायला घेतो. फट किती ठेवू?

प्रतिसाद २: अर्धा मिमी पुरे, फक्त तबकडी कड्याला घासू देऊ नका. क्षेत्रफळ काढताना फटीचा निम्मा भाग तबकडीत धरा. आणि हात घालण्याआधी स्रोत बंद करून अर्थिंगची दांडी स्रोताच्या कपॅसिटरला लावा. तबकड्यांत जेमतेम ७ पिकोफॅरड आहेत, धोका तिकडे आहे.